नववं प्रकरण दिवसा वाच

गेल्या महिन्यात या पानावर वाचकांना एक विषय दिला होता: मुलांसाठीच्या, थोड्याशा भीतीदायक कादंबऱ्या. साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या, ज्यांत माळ्यावर पावलं वाजतात, आरशात भलताच चेहरा दिसतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत आणि शेवटच्या पानावर मुलं सुखरूप घरी पोचतात. पत्रं भरपूर आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी मुलांसाठी छोटं वाचनालय चालतं. तिथल्या मुलांशी बोलून जे समजलं, त्याच्या आधाराने ही उत्तरं लिहिते आहे.

माझा मुलगा चौथीत आहे. शाळेच्या वाचनालयातून त्याने भुताची एक कादंबरी आणली आहे. जुन्या वाड्यात राहायला आलेली भावंडं, माळ्यावरून येणारे आवाज असं काहीतरी आहे. दिवसभर पुस्तक हातातून सुटत नाही आणि रात्री दिवा मालवू देत नाही. आतल्या खोलीत एकटा जात नाही. परवा झोपेत किंचाळून उठला. याचे बाबा म्हणतात, पुस्तक परत करून टाक. काय करावं?
– एक आई, कोरेगाव

ताई, पुस्तक परत करू नका. निदान त्याला न विचारता तर नकोच. माळ्यावर कोण आहे याचं उत्तर अशा कादंबरीत शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत असतं. ते कळायच्या आत पुस्तक हातातून गेलं, तर माळ्यावरचा तो आवाज मुलाच्या डोक्यात तसाच वाजत राहतो.

आधी ते पुस्तक तुम्ही स्वतः वाचा. शंभर-सव्वाशे पानांचं असेल, एका दुपारी वाचून होईल. मग त्याला विचारा, की तुला नेमकं काय भीतीदायक वाटलं? 'भूत' एवढ्या उत्तरावर थांबू नका. चार-पाच वर्षांची मुलं जे दिसायला भयंकर असतं त्याला घाबरतात: मुखवटा, सुळे, लाल डोळे. आठ-नऊच्या पुढे खरंच घडू शकेल अशा गोष्टींची भीती वाटायला लागते: चोर, आजारपण, आईबाबांपासून ताटातूट, कुणाचं तरी मरण. तुमचा मुलगा नेमका या उंबरठ्यावर आहे. तो भुताला घाबरतोय की आणखी कशाला, हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवं.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला मी हेच विचारलं होतं. त्यानेही अशीच वाड्याची आणि भावंडांची कादंबरी वाचली होती. तो म्हणाला, "ती मुलं खरं सांगत असतात आणि त्यांचे आईबाबा ऐकतच नाहीत, त्याची भीती वाटते." तेव्हापासून अशी कोणतीही कादंबरी हातात आली, की मी आधी त्यातली मोठी माणसं कशी वागतात ते बघते. जवळजवळ प्रत्येकीत ती हसतात, "स्वप्न पडलं असेल" म्हणतात, दार ओढून घेऊन निघून जातात. मग मुलांना एकट्याने तोंड द्यावं लागतं. लेखकाचाही इलाज नसतो. आईबाबांनी पहिल्याच प्रकरणात विश्वास ठेवला आणि सगळ्यांना घेऊन मामाच्या गावाला गेले, तर कादंबरी तिथेच संपेल. पण वाचणाऱ्या मुलाच्या मनाला खोल लागतं ते हेच.

आता आपल्या घराकडे पाहा. मुलगा रात्री म्हणतो, भीती वाटते. आपण म्हणतो, "त्यात काय घाबरायचं? एवढा मोठा घोडा झालास!" पुस्तकातले आईबाबा तरी दुसरं काय बोलत होते? त्याऐवजी "हो रे, तो माळ्याचा प्रसंग वाचताना मलाही काटा आला" एवढं म्हणून त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्या बाबांनाही बसवा. आपल्या घरातली मोठी माणसं पुस्तकातल्यांपेक्षा वेगळी आहेत, आपलं ऐकून घेतात, हे त्याला कळू दे. याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

आता किंचाळून उठण्याबद्दल. तो कधी उठला ते आठवून बघा. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत, डोळे उघडे, अंगाला घाम, तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही, असं असेल तर ते स्वप्न नव्हतं. गाढ झोपेत तसा झटका येतो, डॉक्टर त्याला नाइट टेरर म्हणतात. लहान मुलांत हा प्रकार दिसतो, दमणूक, अपुरी झोप, ताप यांनी बळावतो आणि वय वाढेल तसा बहुतेकांचा आपोआप जातो. अशा वेळी हलवून जागं करू नका. पलंगावरून पडणार नाही, कुठे लागणार नाही एवढं बघा. वारंवार होऊ लागलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण पहाटेकडे पूर्ण जागा होऊन तुम्हाला बिलगला, काय दिसलं ते सांगू लागला, तर ते वाईट स्वप्न. त्यात पुस्तकातला माळा येऊ शकतो. तेव्हा जवळ घ्या आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बसून त्या स्वप्नाचा शेवट त्याला हवा तसा बदलून घ्या. चित्र काढून, नाहीतर तोंडी. मुलं फार सुंदर शेवट करतात.

झिरोचा बल्ब राहू द्या. विजेचं बिल त्याने फारसं वाढत नाही. वाचन दिवेलागणीच्या आत उरकायचं, एवढा एक नियम घाला. पुस्तक संपून पंधरा दिवस झाले तरी तो दिवसासुद्धा बिचकत असेल, जेवण-शाळा यांवर परिणाम होत असेल, किंवा त्याने स्वतःच "नको मला हे" म्हटलं, तर मात्र थांबा. "बघ, सांगत होते ना" असं मुळीच म्हणू नका. दोन वर्षांनी तेच पुस्तक तो पुन्हा मागेल.

मावशी, मी सहावीत आहे. मला भुताची पुस्तकं खूप आवडतात. पण आमचं घर म्हणजे जुना वाडा आहे आणि संडास मागच्या अंगणात आहे. रात्री तिकडे जायची वेळ आली की पुस्तकातलं सगळं आठवतं. ताई हसते. भीती वाटू नये म्हणून काय करू?
– एक वाचक, वाई

अरे, भीती मुळीच वाटली नाही तर ते पुस्तक तुला आवडेल का? छाती धडधडते, हात गार पडतात, अंगावर काटा येतो, हे सगळं तुझं शरीर तुझ्या बाजूने करत असतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका आहे असं मेंदूला वाटलं की त्यांच्यातून ॲड्रेनलिन रक्तात येतं आणि शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. धोका कागदावरचा आहे हे तुला माहीत असतं, पण एकदा सुटलेलं ॲड्रेनलिन लगेच ओसरत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून पुस्तक मिटलं की तडक अंथरुणात शिरायचं नाही. आईबरोबर तांदूळ निवडायला बस, ताईशी पत्ते खेळ, काहीतरी हसवणारं वाच. आणि मागच्या अंगणात जाऊन यायचं ते वाचायला बसण्याआधी!

आता एक खास गोष्ट सांगते. प्रकरण संपलं की थांबायचं, अशी आपल्याला सवय असते. भयकादंबरीत नेमकं तिथे थांबायचं नाही. कडी आपोआप सरकली, दाराच्या फटीतून बोटं दिसली, आणि प्रकरण संपलं! तू पुढचं पान उलटावंस म्हणून लेखकाने ते मुद्दाम तिथे ठेवलेलं असतं. तिथे पुस्तक मिटलंस तर रात्रभर ती बोटं तुझ्याबरोबर. म्हणून पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाच. ती बोटं बहुतेक वेळा धाकट्या भावाची नाहीतर शेजारच्या काकूंची निघतात. मग जरा शांत जागा बघून, प्रकरणाच्या मध्यावर खूण घाल आणि ऊठ.

माझ्या वाचनालयात अशा प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवलेलं आहे. वाचून झालं की मुलं त्यात पुढच्या वाचकासाठी चिठ्ठी टाकतात. ही कल्पना मुलांचीच. "नववं प्रकरण दिवसा वाच." "विहिरीत काही नाहीये, घाबरू नको, पण शेवट सांगणार नाही." "मांजर मरत नाही." ही शेवटची चिठ्ठी मला फार आवडते, कारण पुढच्या मुलाला कशाची काळजी वाटेल हे त्या लिहिणाऱ्याने बरोबर ओळखलं होतं. तूही तुझ्या मित्रांमध्ये हे सुरू कर. आपण दुसऱ्या कुणाला तरी सांभाळून नेतोय असं वाटलं, की आपलीही भीती हातात राहते.

आणि ताईला सांग, की मावशींनी निरोप दिलाय: रात्री बॅटरी घेऊन पडवीच्या दारात उभं राहायचं आणि हसायचं नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात बसून आपण मुलांच्या हाती भुताखेतांची पुस्तकं देता, याचं मला वाईट वाटतं. आम्ही आयुष्यभर मुलांना सांगितलं की भूत नसतं. आपण ते परत आणता आहात. यातून अंधश्रद्धा वाढणार नाही का?
– एक आजोबा, सातारा

आजोबा, आपलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यामागची कळकळ खरी आहे. डॉक्टरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्याच वर्षी झाला. हे मी माझ्याकडच्या मोठ्या मुलांना सांगते. भयकथा आणि हे सांगणं, दोन्ही एकाच खोलीत चालतं, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

समितीचे कार्यकर्ते शाळेत येऊन चमत्कार करून दाखवायचे, ते आपण पाहिलं असेलच. नारळातून आग निघायची. वर्ग श्वास रोखून बघायचा. मग कार्यकर्ता सांगायचा, की शेंडीत पोटॅशियम परमँगनेट होतं आणि वर टाकलं ते पाणी नव्हतं, ग्लिसरीन होतं. आधी थक्क होणं, मग उलगडा. उलगडा मनात पक्का बसायचा तो आधी थक्क झाल्यामुळे. 'नारळातून आपोआप आग निघत नसते' असं नुसतं फळ्यावर लिहून दिलं असतं, तर किती जणांच्या लक्षात राहिलं असतं?

भयकादंबरी वाचून झाली की आमच्याकडे रविवारी मुलं गोल करून बसतात आणि प्रश्न एकच असतो: लेखकाने हे कसं केलं? मग मुलं सांगतात. आधी सगळे आवाज बंद केले, कुत्री भुंकायची थांबली असं लिहिलं. मग लाइट घालवली. मग खोटी भीती दाखवली, मांजर निघालं. आपण सैल झालो आणि मग खरं दार वाजलं. दहा वर्षांची मुलं हे शोधून काढतात आणि पुढच्या पुस्तकात "आता मांजर येणार" म्हणून आधीच ओळखतात. अंधार, कुजबुज आणि धूप वापरून माणसाला कसं घाबरवता येतं, हे ज्या मुलाने कागदावर उलगडून पाहिलं आहे, ते मूल एखाद्या बुवाच्या खोलीत शिरलं तर तिथली मांडणी ओळखेल, असा माझा विश्वास आहे. कथा "समजा, असं झालं तर" म्हणून सुरू होते. बुवा "हे असंच आहे, आणि उपायाला इतके पैसे" म्हणतो. मुलाला हा फरक कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याशी मी सहमत आहे ते वेगळ्या पुस्तकांबद्दल. मुखपृष्ठावर 'सत्य घटना' असं छापलेलं पुस्तक मी मुलांच्या कपाटात ठेवत नाही. शेवटी मांत्रिक येऊन लिंबू-मिरचीने सगळं सोडवतो, ते ठेवत नाही. गावातली एकटी राहणारी म्हातारी हीच चेटकीण निघते, ते तर मुळीच नाही. कुणावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्याची सुरुवात अशा गोष्टींतूनच होते. मुलांनी स्वतः डोकं चालवून, एकमेकांना धरून संकटातून वाट काढली, असं पुस्तक मला हवं असतं.

आणि एक विनंती, आपण शिक्षक होता म्हणून आपल्यालाच करते. "गप जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." "झोप, नाहीतर पिंपळावरचा मुंजा धरेल." हे आपल्या घराघरांत आजही बोललं जातं, तेही ज्या घरांत भयकथेला बंदी आहे त्या घरांत. पुस्तकातलं भूत गोष्ट म्हणून येतं. हे भूत आई किंवा आजी खरं म्हणून सांगते, तेही लेकराने ऐकावं म्हणून, आणि ते मिटून ठेवायला पुस्तकही नसतं. तीन वर्षांच्या मुलाला आईचा शब्द खोटा वाटत नाही. आपण गावात बोलता, लोक आपलं ऐकतात. हे थांबवायला सांगाल का?

दर शनिवारी शेवटच्या तासाला मी सातवीच्या वर्गाला एक भयकादंबरी वाचून दाखवतो. वर्ग चिडीचूप असतो. मागच्या शनिवारी तळघरात पाणी चढत जातं असा प्रसंग होता. एक मुलगी उठून बाहेर गेली आणि रडू लागली. मागाहून कळलं, २०१९ च्या पुरात तिचं घर पाण्याखाली गेलं होतं. कादंबरी बंद करू का?
– एक शिक्षक, सांगली

सर, आधी तुमच्या शनिवारच्या तासाबद्दल. शनिवारची शाळा सकाळची, म्हणजे मुलं भर उन्हात घरी जातात आणि पुढे अख्खा रविवार असतो. यापेक्षा चांगली वेळ सापडणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. तुमच्या वर्गातली मुलं तेव्हा सगळीच लहान होती आणि त्यातल्या कित्येकांना बोटीतून बाहेर काढलं असेल. माझी मावसबहीण सांगलीतच, गावभाग या पेठेत राहते. ती सांगते, की पाणी पुस्तकात येतं तसं गर्जत आलंच नाही. आधी मोरीतून वर आलं, आवाज न करता, मग उंबरठ्यावरून. आणि ओसरल्यावर राहिला तो चिखलाचा वास, भिंती रंगवल्यावरही जात नव्हता. ज्या मुलीने हे पाहिलं आहे, तिच्यासाठी तळघरात चढणारं पाणी ही कल्पना राहत नाही. वर्गातली बाकीची मुलं भीतीशी खेळत होती. तिला आठवत होतं. या दोन गोष्टी एकाच बाकावर बसलेल्या असतात आणि वाचून दाखवणाऱ्याला वरून दिसत नाहीत.

कादंबरी बंद करू नका. बंद केलीत तर वर्गाला कारण कळेल, आणि तिच्यामुळे सगळं थांबलं हे ओझं तिच्या डोक्यावर बसेल. तिच्याशी एकटीशी बोला, शक्य असेल तर वर्गशिक्षिका किंवा तिची मैत्रीण बरोबर असू दे. तो प्रसंग कसा संपतो ते तिला आधीच पूर्ण सांगून टाका. मुलं कुठून बाहेर पडतात, कोण हात देतं, सगळं. रहस्य फुटलं तरी चालेल, तिला रहस्यापेक्षा खात्रीची गरज आहे. मग तिलाच ठरवू द्या: त्या प्रकरणाच्या वेळी ग्रंथालयात बसायचं, दाराजवळच्या बाकावर बसून ऐकायचं, की ते प्रकरण सोडून पुढच्या शनिवारी यायचं. तिने जे ठरवलं ते कुणालाही समजावून सांगायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

आणि तास सुरू करताना सगळ्या वर्गाला एकदा सांगून ठेवा, की वाचन चालू असताना ज्याला उठून जावंसं वाटेल त्याने न विचारता जावं, कुणी हसायचं नाही. वडील नुकतेच गेलेला एखादा मुलगा भूत म्हणजे मेलेलं माणूस या विचाराशीच अडखळतो. तुम्हाला प्रत्येकाच्या घरचं माहीत असणं शक्य नाही, पण दार सगळ्यांसाठी उघडं ठेवता येतं. तिला पाण्याबद्दल बोलायचं असेल, लिहायचं असेल, तर ऐका. मात्र पुराचा अनुभव सांग म्हणून वर्गापुढे उभं करू नका. ती रात्री झोपत नाही, पावसाचा आवाज आला की घाबरीघुबरी होते असं आईवडील म्हणाले, तर समुपदेशकाकडे न्यायला सांगा. ते काम गोष्टीच्या पुस्तकाचं नाही.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल एकच सांगते. भीतीच्या जागी आवाज वाढवू नका, उतरवा. एकदम ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकणं दोन सेकंदांत संपतं. आवाज खाली गेला की वर्ग पुढे झुकतो. तास संपायला पाच मिनिटं असताना भीतीचा प्रसंग सुटलेला असावा असं बघा. आठवडाभर टांगून ठेवण्यात मजा आहे, पण टांगायचं ते कुतूहल असावं.

मी आठवीत आहे आणि मला स्वतः भयकादंबरी लिहायची आहे. मैत्रिणी म्हणतात इंग्रजीतल्यासारखी लिही. मला आपल्याकडची भुतं हवी आहेत. कुठून सुरुवात करू? आणि काय वाचू?
– एक वाचक, कराड

इंग्रजीतलं वाचतेस ते वाचच. 'गूजबम्प्स' ही आर. एल. स्टाइन यांची मालिका १९९२ साली सुरू झाली. ती वाचताना प्रकरणांची शेवटची वाक्यं तेवढी वहीत उतरवून काढ. जवळजवळ प्रत्येक प्रकरण अडकवून सोडणाऱ्या वाक्यावर थांबतं, आणि कितीदा तरी पुढच्या पानावर ती भीती खोटी निघते. मुख्य पात्रं बहुधा बारा वर्षांची असतात, म्हणजे वाचणाऱ्यापेक्षा थोडीशीच मोठी. तेवढं शिकून घे आणि भुतं आपली घे. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मोठ्यांसाठी जे भयंकर आणि गूढ लिहिलं, ते कॉलेजला गेल्यावर वाच. तोवर ते पळून जात नाही. सुट्टीत भिलारला जाऊन ये. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे गाव २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे, घराघरांत पुस्तकं मांडली आहेत आणि कुठेही बसून वाचता येतं.

आपल्याकडची भुतं आजीला विचार. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. हडळीची पावलं उलटी. वेताळ भुतांचा राजा, गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो त्याचा. यातला मला मुलांच्या कादंबरीसाठी सगळ्यात चांगला वाटतो तो चकवा. तो दिसत नाही, कुणाला मारत नाही. फक्त वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. रक्त नाही, दात नाहीत, तरी वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. शिवाय त्यातून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न मुलांनी डोकं लढवून सोडवण्यासारखा आहे.

जागा लांब शोधू नकोस. तुझ्या गावात नकट्या रावळाची विहीर आहे. इतक्या पायऱ्या उतरून जाणारी विहीर घराजवळ असताना परदेशातला किल्ला कशाला? दिवसा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि भूत सोडून बाकी सगळं लिहून आण: पायरीची उंची, दगड कुठे गार लागतो, खाली बोललेलं वर कसं ऐकू येतं, पारवे कधी उडतात. भूत कोणत्या नियमाने वागतं ते लिहायला बसण्याआधी ठरव आणि तो नियम कादंबरीभर मोडू नकोस. चकवा पाण्याजवळ येत नाही असं पहिल्या प्रकरणात म्हटलंस, तर शेवटपर्यंत येऊ देऊ नकोस. वाचणारी मुलं याबाबतीत फार कडक असतात, ती पत्र पाठवून विचारतात.

तुझ्या कादंबरीतल्या एका तरी मोठ्या माणसाने मुलांचं ऐकावं असं मला वाटतं. आजी असेल, बस कंडक्टर असेल, कुणीही. बघ जमतं का.

पहिलं प्रकरण झालं की माझ्याकडे पाठव. कागदाच्या एकाच बाजूला लिही आणि समास मोठा सोड, मला त्यात प्रश्न लिहायचे आहेत.